कूलरचं पाणी

मे महिन्यातली दुपार, नागपूरजवळचं बुटीबोरी, बाहेर 45 अंश. 500 लिटरच्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या टाकीत, बॅसिलस सबटिलिस, नववा तास, जिवाणू ऐन भरात. तेवढ्यात ऑपरेटर ओरडला, "मॅडम, डीओ पडून राहिला ना!"

डीओ म्हणजे द्रवात विरघळलेला ऑक्सिजन. हवेतून जास्तीत जास्त जेवढा विरघळू शकतो त्याच्या 30 टक्क्यांवर आम्ही तो धरतो, आता 11 होता. 37 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे जेमतेम 6-7 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाट कल्चरला तो मिनिटभरही पुरत नाही. साखर भरून ठेवता येते, ऑक्सिजनचा साठा करता येत नाही.

मी पोचेपर्यंत त्यानं ढवळणी 400 वरून 600 आरपीएमवर नेली होती. फेसाळायला बॅसिलसला तेवढं निमित्त पुरतं. आत डोकवायची काच फेसानं पांढरीफटक. मग त्यानं सढळ हातानं अँटीफोम ओतलं. फेस बसला, पण अँटीफोमनं बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि त्यांच्यातून ऑक्सिजन कमी उतरतो. डीओ 4. एक्झॉस्टला लोण्यासारखा वास येऊ लागला. ऐकायला छान वाटतं, पण गुदमरलेला बॅसिलस ॲसिटोइन बनवतो, त्याचा तो वास.

आधी ग्लुकोजचा फीड पंप बंद केला. हवा पुरत नसेल तर भूक कमी करायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवळून प्रेशर 0.3 वरून 0.8 बारवर नेलं, दाब वाढला की ऑक्सिजन जास्त विरघळतो. पाचेक मिनिटांत डीओ 19. जरा श्वास घेतला आणि हवेचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरकडे पाहिलं. हवेचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, त्यातला फ्लोट मात्र सकाळच्या निम्म्यावर.

एअर फिल्टरच्या हाउसिंगचा ड्रेन उघडला तर दोन-तीन ग्लास पाणी! भिजलेला फिल्टर हवा कशी सोडणार? पण मेच्या नागपुरात, ओठ फुटतात अशा कोरड्या हवेत, पाणी आलं कुठून?

कंप्रेसर रूममध्ये शिरले आणि वाळ्याचा वास आला. कंप्रेसरच्या तोंडाशी कूलर, नव्याकोऱ्या ताट्या लावलेला. सगळी ओल कंप्रेसर गिळत होता, आणि ती हवा सुकवणारा ड्रायर आठवडाभर बंद. रजिस्टरात तशी नोंद माझ्याच अक्षरात. दाबलेली हवा साठवणाऱ्या टाकीचा, रिसीव्हरचा, ड्रेन उघडला, तांबूस पाणी कितीतरी वेळ वाहत राहिलं.

"काहून लावला रे हा?"

"मॅडम, ट्रिप होत होता ना सारखा. मशीनलेबी गरमी होतेच की."

फ्लोट हळूहळू वर सरकला. फीड पुन्हा सुरू केला, आधी निम्म्या वेगानं. बॅच चार तास उशिरा उतरली, पण उतरली. कूलर त्याच संध्याकाळी पॅनेल रूममध्ये आणून लावला.