तुम्ही विचारलंत म्हणून : त्या कॅसेटमध्ये फायरिंग आहे का?

आमच्या गावची भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे धरणाच्या रस्त्याला पळायला जातात. माझ्याकडे सोमालियाची व्हिडिओ कॅसेट सापडली हे त्यांना कुठून तरी कळलं, तेव्हापासून रस्त्यात भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला : "काका, त्यात फायरिंग आहे का?" लग्नात भेटणारे पाहुणेही तेच विचारतात. मी "नाही" म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो. हे "नाही" पुरतं खरं नाही, म्हणून एकदा बैजवार सांगतो.

१९९३ च्या शेवटी आपल्या लष्कराची ६६ वी ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीखाली सोमालियात उतरली. तिथला हुकूमशहा सियाद बारे याची राजवट १९९१ च्या जानेवारीत कोसळली होती. टोळ्यांनी देश वाटून घेतला आणि १९९२ मध्ये दुष्काळानं माणसं अक्षरशः रस्त्याकडेला मेली. बैदोआ हे त्या दुष्काळाचं सगळ्यात वाईट गाव. ते आणि आजूबाजूचा अफाट मुलूख आपल्या ब्रिगेडकडे आला. एक लाख सत्तर हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र. मी ड्रायव्हर होतो. कधी रसदीची गाडी, बहुतेक वेळा पाण्याचा टँकर.

कॅमेरा आम्ही चौघांनी वर्गणी काढून घेतला. नैरोबीला सुट्टीवर गेलेल्या एकानं हँडीकॅम आणला, त्यात तळहातावर मावणारी आठ मिलिमीटरची छोटी कॅसेट बसायची. साहेबांनी परवानगी दिली, पण ताकीदही दिली : पोस्ट, हत्यारं, वायरलेस, काहीही दिसता कामा नये. ती आम्ही पाळली. फायरिंग नसण्याचं एक कारण हे. दुसरं कारण साधं आहे. गोळी सुटते तेव्हा ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर असतात.

परत येताना चिठ्ठ्या टाकल्या. कॅमेरा गेला एका राजस्थानी जोडीदाराला, माझ्या वाट्याला तीन कॅसेटी. मी खूश होतो. आईला दाखवायच्या होत्या ना. कॅसेटभर मी तिच्याशीच बोललो होतो. तिला पत्र वाचता येत नव्हतं, दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि पोस्टमन किंवा शेजारचा गुरुजी वाचणार म्हटल्यावर मी तरी काय लिहिणार? व्हिडिओत थेट बोलता येईल असं वाटलं होतं.

घरी आल्यावर तालुक्याच्या गावातून भाड्यानं व्हीसीआर आणला. कॅसेट त्यात बसेना. व्हीसीआरच्या कॅसेटच्या खाचेत ती नुसती हरवून गेली. ती ज्यात चालते ते यंत्र पार राजस्थानात. आई जमिनीवर पुढ्यातच बसली होती, डोक्यावरचा पदर सारखा करून. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, पुढच्या खेपेला बघू." पुढच्या खेपेला बदली झाली, मग पोरांच्या शाळा, मग घर. २००३ साली आई गेली. कॅसेटी काळ्या ट्रंकेत माळ्यावर राहिल्या.

चारेक वर्षांपूर्वी कौलं उतरवून पत्रा घालायचं काम काढलं तेव्हा ट्रंक खाली आली. माझा नंबर पांढऱ्या रंगात अजून वाचता येत होता. आत लोकरी मोजे, आणि एका मोज्यात त्या तिघी. पाटणच्या खोऱ्यातला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार महिने भिंती घामेजलेल्या असतात. कॅसेटच्या काचेतून बघितलं तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी, पिठी साखर भुरभुरावी तशी.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण पुष्कळांच्या घरी लग्नाच्या, बारशाच्या अशा कॅसेटी पडून आहेत. बुरशी आलेली कॅसेट कधीही तशीच यंत्रात घालू नका. मी घाईनं एका दुकानात नेली. त्यानं न बघता आत ढकलली, टेप चिकटली, आत गुंडाळली गेली आणि तुटली. ती परतीची कॅसेट होती. डिसेंबर १९९४ मध्ये माघारीसाठी गंगा, गोदावरी आणि शक्ती ही आपल्या नौदलाची जहाजं आली होती. समुद्रात उभं राहिलेलं आपलं जहाज बघून मोठमोठी माणसं रडली, ते त्यात होतं. ते गेलं. उरलेल्या दोन घेऊन मी पुण्याला एका जाणकाराकडे गेलो. त्यानं कॅसेटीचे स्क्रू काढले, रीळ बाहेर घेऊन कोरड्या मऊ फडक्यानं टेप हातभर-हातभर पुसली, मग दुसऱ्या कवचात भरली. काम तीन आठवडे चाललं. हातात पडली दोन तास अकरा मिनिटं, त्यातली बरीचशी पडद्यावरच्या मुंग्यांनी भरलेली.

आता काय आहे ते सांगतो. लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, पीठ मळणारे हात आहेत. पांढऱ्या रंगाच्या आमच्या गाड्या आहेत, एका दिवसात तांबड्या झालेल्या, कारण बैदोआची माती आपल्या महाबळेश्वरच्या मातीसारखी तांबडी. हिंदी सिनेमावर जीव टाकणारी सोमाली पोरं आहेत. आम्ही दिसलो की "हिंदी! हिंदी!" करत धावत यायची आणि अमिताभचं नाव घ्यायची. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तेवढ्या एका नावावर दोस्ती व्हायची.

आणि माझ्या टँकरचा नळ आहे. तो गळायचा. वॉशर मिळेना म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, तरी थेंब थेंब चालूच. चित्रात त्या नळाखाली मदतीच्या खाद्यतेलाचा रिकामा डबा धरून एक मुलगी बसली आहे, सात-आठ वर्षांची. रांग पुढच्या नळाला आहे, तिला तिथं जायचंच नाही. ती गळणारं पाणी धरते. थेंब जरा बाजूला पडला की डबा बोटभर सरकवते, डोळा नळावरून हलत नाही. "बियो," असं एकदाच म्हणते, म्हणजे पाणी. हे दृश्य चार मिनिटं चालतं. आमच्या पोरांना मी ते दाखवलं तेव्हा एकानं पुढं ढकलायला सांगितलं. मी ढकललं नाही. त्या मुलीला बघायला चार मिनिटं लागतात.

आता फायरिंगचं. २२ ऑगस्ट १९९४ ला बैदोआच्या रस्त्यावर, बुरलेगोजवळ, घात लावून आपल्या सात जवानांना मारलं. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला बैदोआत आपले तीन डॉक्टर मारले गेले, ज्यांनी वर्षभर तिथल्या लोकांना तपासलं होतं ते. बुरलेगोचा तो रस्ता माझ्या चाकाखालचा. दोन दिवस आधीच मी त्यावरून रिकामा टँकर आणला होता. त्या दिवसांत आम्ही कॅमेऱ्याला हातही लावला नाही, असं मी पंचवीस वर्षं सांगत आलो. माझी तशी खात्रीच होती.

कॅसेटमध्ये कोपऱ्यात तारीख उमटली आहे : २४ ऑगस्ट १९९४. कॅमेरा माझ्या हातात आहे, आवाज माझा आहे.

समोर एक उंट बसलाय. आपले जनावरांचे डॉक्टरही तिथं असायचे, माणसांपेक्षा उंटाच्या औषधाला जास्त गर्दी व्हायची, कारण सोमाली माणसाचं सगळं घर उंटावर. उंटाच्या खांद्याला जखम आहे, एक जण ती धुतोय, मालक मान धरून उभा. मी बोलतोय : "आये, ह्यो बघ उंट. ह्येचं दूध पित्यात हितं. हितं समदं ठीक हाय. काळजी करू नगं. खायला-प्यायला भरपूर हाय. समदं ठीक हाय बघ." साडेपाच मिनिटांत "समदं ठीक हाय" मी सात वेळा म्हणतो. मोजलं मी.

बाकी सगळ्या चित्रणात मागून कुणी ना कुणी तोंड घालतं. "माँजी, ये झूठ बोल रहा है," असं ओरडतं, गाणं म्हणतं, भांडं आपटतं. इथं मागं कुणी नाही. जनरेटरची घरघर तेवढी. मध्येच एकदा कॅमेरा डावीकडे वळायला लागतो, तंबूचा एक दोर आणि ताडपत्रीची कड दिसते, आणि झटक्यानं तो परत उंटावर येतो. पुण्याच्या त्या माणसानं विचारलं, "इथं हात का हलला?" डावीकडे त्या रस्त्यावरून ओढून आणलेली गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ती आईला दिसू नये म्हणून मी फिरवला. बंदी होती म्हणून नाही.

म्हणून मी भरतीच्या पोरांना म्हणतो, फायरिंग बघायचं असेल तर ही साडेपाच मिनिटं बघा. उंट बघू नका, आवाज ऐका. सत्तावीस वर्षांचा मी माझ्या आईशी खोटं बोलतोय आणि ते मला जमत नाहीये.

हे पहिल्यांदा घरात लावलं तेव्हा आक्का आली होती, माझी थोरली बहीण, आता सत्तरीची. बायको, सून, नातू, सगळे टीव्हीपुढे. आक्का खुर्ची सोडून खाली बसली, आई बसायची त्याच जागी. उंटाचं चित्रण संपत आलं तेव्हा कॅसेटमधला मी म्हणतो, "गणपती आलं जवळ. भात कसं हाय? आये, गाय व्याली का गं?" आणि दोन-तीन सेकंद थांबतो, जणू उत्तर येणार आहे.

आक्कानं पदर तोंडाला लावला. मग टीव्हीकडे बघतच म्हणाली, "व्याली की रं. खोंड झालं हुतं. तांबडं."