कॉमेंट्री बॉक्समध्ये पोचलो, पण मालवाहतूकदार म्हणून

रेसिंग सोडून कॉमेंट्रीत यायचंय म्हणणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा विचारतो, पॅन आणि बँकेतलं नाव जुळतंय ना? आवाजाचं मागाहून बघू.

माझी कारकीर्द बेताचीच. कोल्हापुरात कार्टिंग, मग कोइंबतूरचा करी स्पीडवे आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला फॉर्म्युला एलजीबी, म्हणजे एका सीटच्या गाड्यांची शर्यत. स्पॉन्सर आटले, थांबलो. ‘जिंकणाऱ्यांचं ऐकतात, तुझं कोण ऐकणार?’ असं घरचेच म्हणाले. मार्टिन ब्रंडल फॉर्म्युला वनच्या 158 शर्यती धावला, एकही जिंकला नाही, आणि 1997 पासून जग त्याचंच समालोचन ऐकतंय. आपला करुण चंडोक तर 11च शर्यती धावला, तोही समालोचक झाला.

ऑडिशन सोपी गेली. मागची चाकं घसरायच्या आधी ड्रायव्हरचे हात काय करतात ते मला दिसतं, एवढं पुरलं.

अडलं ते निर्मिती कंपनीच्या व्हेंडर नोंदणीत, म्हणजे बिलं देणाऱ्यांच्या यादीत नाव घालताना. व्यवसायाच्या यादीत केटरिंग होतं, मंडप होता, समालोचक नव्हता. म्हणून ‘इतर’मध्ये लिहिलं : रेसिंग ड्रायव्हर व समालोचक. अकाउंट्समधल्या कुणीतरी पहिले दोन शब्द वाचले आणि मला वाहतूक विभागात टाकलं. मग मेल : आपल्या मालकीच्या मालवाहू गाड्या किती? दहा किंवा कमी असल्यास तसं घोषणापत्र द्यावं, म्हणजे टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापला जाणार नाही.

फोन केला.

“सर, तुम्ही ड्रायव्हरच ना?”

“हो, पण माझ्या गाडीत दुसरा माणूससुद्धा बसत नाही हो.”

“मग गाड्या शून्य लिहू?”

शून्य गाड्यांचा वाहतूकदार त्यांच्या सिस्टिमला चालेना. तक्रार केली की नवा माणूस, नव्या माणसाचा पहिला प्रश्न गाड्यांचाच. इकडे अंधेरीच्या स्टुडिओत शर्यतीमागून शर्यत बोलतोय, आणि बिलं तशीच पडून. शेवटी सीएनं 2008 ची अधिसूचना काढून दिली. तीत खेळाडू, पंच, प्रशिक्षक यांच्याबरोबर समालोचक आणि अँकरही प्राप्तिकराच्या कलम 194जे खाली, म्हणजे व्यावसायिक फीच्या टीडीएसमध्ये, धरले होते. ‘समालोचक’ हा शब्द लाल पेनानं अधोरेखित करून पाठवला. दहा टक्के कापून पैसे आले. टीडीएस कापला म्हणून पेढे वाटणारा मी पहिलाच असेन.

म्हणून करारात आणि प्रत्येक बिलावर ‘क्रीडा समालोचन’ एवढंच लिहा. ड्रायव्हर असल्याचा अभिमान इन्स्टावर दाखवा.

हो, एक राहिलंच. टेबलावर खोकल्याचं बटण असतं, ते दाबून ठेवलं की माईक बंद. शर्यत सुटताना मुख्य समालोचकाला बोलू द्या, आपली पाळी रिप्लेला. कानात निर्माता बोलत असतो तेव्हा वाक्य तोडायचं नाही; ही सवय घरी बातम्या लावून, त्यावर बोलून होते.

आणि नवं आर्थिक वर्ष लागलं की पोर्टलवर आपला विभाग पुन्हा तपासा. यंदा माझा ‘ध्वनी व प्रकाशयोजना’ दिसतोय. मेल टाकलाय.