खाडा पडला म्हणून दूध बंद होत नाही

मुंबईतल्या मराठी घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला कालनिर्णय असतंच. १९७३ साली पहिलं छापलं गेलं तेव्हापासून लोक त्यात एकादशी-संकष्टी बघतात, आणि त्याच चौकोनांत बॉलपेनने दुधाचा हिशेब ठेवतात. दीड, दीड, एक, मग एक फुली. फुली म्हणजे खाडा. महिनाअखेरीला खाडे वजा करून दूधवाल्याचे पैसे चुकते होतात. १२ तारखेला खाडा पडला म्हणून १३ तारखेपासून दूधच बंद केलं, असं घर शोधून सापडणार नाही.

चालण्याच्या, व्यायामाच्या, खाण्याच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच करतो. एक दिवस चुकला की ‘आता पुढच्या सोमवारपासून’. या पोस्टमध्ये तब्येतीचा हिशेबही दुधासारखाच ठेवायला सांगणार आहे. धीर आणि आत्मविश्वास हे स्वभावाचे गुण आहेत, ज्याचे त्याला जन्मतः मिळतात, असं समजलं जातं. माझ्या मते दोन्हींचा बराचसा भाग नुसता हिशेब आहे.

आधी धीर. तो सुटतो तो वजनकाट्यावर. तेव्हा काट्याचं गणित बघू.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. रोज ३०० कॅलरी कमी घेतल्या (म्हणजे अंदाजे एक वडापाव टाळला), तर आठवड्याला २,१०० होतात. त्यातून चरबी जाते पाव किलोच्या किंचित वर. आता दुसरी बाजू. शनिवारी रात्री पाणीपुरी, रविवारी मटण आणि भात, आणि सोमवारी सकाळी काटा एक-दीड किलो जास्त दाखवतो. ती चरबी नव्हे. मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि पोटात अजून असलेलं अन्न. म्हणजे आठवड्याचा खरा बदल पाव किलोचा आणि काट्याचं नुसतं वरखाली होणं त्याच्या चार-पाच पट. असा काटा रोज बघून निष्कर्ष काढणं म्हणजे लोकलच्या दारात उभं राहून चपलेत शिरलेला खडा शोधणं. चार आठवड्यांनी मात्र किलोभर फरक पडलेला असतो आणि तो दिसू लागतो.

पहिल्या आठवड्याचा आनंदही तितकाच फसवा. भात-पोळी कमी केली की शरीरातला ग्लायकोजेनचा (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा घटतो. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं. सात दिवसांत दीड किलो उतरल्याचे पेढे वाटले जातात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही, आणि ‘माझं शरीरच तसलं’ असा निकाल लागतो. शरीर बिचारं ठीकच चाललेलं असतं.

म्हणून वजन करायचं ते सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कमी कपड्यांत आणि काटा सपाट लादीवर ठेवून. सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचं सांगतो. रोज केलंत तर आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीच वाचा. तेवढा उत्साह नसेल तर आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. बायकांनी पाळीच्या आसपासचं वजन मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी ताडून बघावं, मागच्या आठवड्याशी नको. कंबर महिन्यातून एकदा पुरे. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची, श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही लक्ष्मणरेषा धरतात. साखरेची तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी सहा आठवड्यांत परत करून घेण्यात अर्थ नाही. ती तांबड्या पेशींवरून काढतात आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. जुन्या सवयींच्या पेशी रक्तात अजून फिरत असतात.

खाण्यात काय बदलायचं यावर उदंड लिहिलं जातं. मी दोनच गोष्टी घेते, कारण त्या मोजता येतात.

पहिली चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. एकदम बिनसाखरेवर जाऊ नका, चौथ्या दिवशी चहा कडू औषध वाटतो आणि पाचव्या दिवशी तीन चमचे पडतात. दर दोन आठवड्यांनी कपामागे अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळतही नाही. पण घोडं अडतं ते पातेल्यात. घरात एकच आधण असतं आणि साखर त्यातच पडते. तुमच्यासाठी सगळ्यांनी फिका चहा का प्यावा? साखर कपात घालायची पद्धत लावा, भांडण मिटतं. टपरीवर ‘साखर कम’ म्हणून उपयोग नाही, तिथला चहा आधीच गोड होऊन उकळत असतो. तिथे फुलऐवजी कटिंग घ्या, साखर आपोआप अर्धी.

दुसरी गोष्ट तेल. पिशवी फोडली की तिच्यावर मार्करने तारीख लिहा, बरणीत ओतत असाल तर बरणीवर चिकटपट्टी लावून लिहा. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर, म्हणजे माणशी अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला जेमतेम १५ ग्रॅम. हे उद्दिष्ट चांगलं आहे, पण आज पिशवी सहा दिवसांत संपत असेल तर पुढची आठ दिवस पुरवा, बस. फोडणी कढईत बरणी वाकवून घालायची नाही, चमच्याने घालायची. एवढ्या एका बदलाने तारखा सरकायला लागतात. ती तारीख हा वजनापेक्षा लवकर मिळणारा निकाल आहे.

आता चालणं आणि व्यायाम. डोंबिवली किंवा विरारहून रोज सव्वा-दीड तास उभं राहून येणाऱ्या माणसाला ‘पहाटे पाचला उठा’ सांगणं सोपं आहे. रात्री साडेबाराला झोपून पाचला उठलं की झोप साडेचार तास होते, आणि बेत दहा दिवसांत मोडतो तो झोपेअभावी. नाव मात्र इच्छाशक्तीचं खराब होतं. मोठ्या माणसाला सात तास लागतातच. त्यामुळे वेळ झोपेतून काढू नका, प्रवासातून काढा. शेअर रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटं जाणार असतील तर ती चालण्यात जाऊ द्यात. ऑफिस चर्चगेटच्या बाजूला असेल तर एक स्टेशन आधी, मरीन लाइन्सला उतरून पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं. स्टेशनचा पूल सरकत्या जिन्याऐवजी पायऱ्यांनी.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. दम लागलेला असताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, हा वेग बरोबर. नंतर दर आठवड्याला तीन मिनिटं वाढवा. नवव्या आठवड्यात अर्धा तास होतो, आणि आठवड्याचे पाच दिवस धरले की १५० मिनिटं, जी जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस आहे. (दहा हजार पावलं हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राचं ते नाव होतं. न झाल्यास अपराधी वाटून घेऊ नका.) तिसऱ्या आठवड्यात उत्साहाने एकदम पळायला लागलात की नडगी धरते. छाती आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि स्नायूबंध यांना महिने लागतात. दम टिकतो म्हणून पायही टिकतील असं नाही.

ताकदीचा व्यायाम आठवड्यातून दोनदा हवा आणि त्याला जिमची फी लागत नाही. स्वयंपाकघराचा ओटा पुरतो. सुरुवात भिंतीपासून करायची. हात खांद्याइतक्या अंतरावर, पाय भिंतीपासून दोन पावलं मागे, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत ढकलायचं. आठ-आठचे तीन फेरे. सलग दोन वेळा बारा-बाराचे तीन सहज झाले की ओट्यावर या. ओटा कोरडा करून घ्या, पीठ किंवा पाणी असेल तर हात सटकतो. टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखं सरळ हवं. चूक होते ती दोन ठिकाणी, कंबर खाली लोंबते आणि मान कासवासारखी पुढे येते. कंबर लोंबली तर ओट्यावर यायची घाई झाली असं समजा आणि पुन्हा भिंतीकडे जा. ओट्यानंतर पलंगाची कड, मग जमीन. या प्रवासाला सहा महिनेही लागतात, लागू देत. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. खुर्ची प्लास्टिकची असेल तर भिंतीला टेकवून ठेवा, लादीवर ती मागे सरकते.

आत्मविश्वास इथूनच येतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं की ‘मला हे जमेल’ या भावनेचा सगळ्यात पक्का उगम म्हणजे स्वतः करून दाखवलेली गोष्ट. कुणी दिलेलं प्रोत्साहन त्यापुढे फिकं. भिंतीवरून ओट्यावर आलात हे आरशात दिसत नाही, पण हाताला माहीत असतं. दुसरा उगम म्हणजे आपल्यासारख्या माणसाला करताना पाहणं, आणि इथे ‘आपल्यासारखा’ हा शब्द महत्त्वाचा. शिवाजी पार्कला सकाळी जानेवारीतल्या मॅरेथॉनची तयारी करणारे सुसाट जातात, त्यांच्याकडे बघून उलट खचायला होतं. साडीवर कॅनव्हासचे बूट घालून, पदर खोचून, कट्ट्याच्या कडेने फेरी मारणाऱ्या काकूंकडे बघा. त्या पार्काची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटर भरते. महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फेरी घड्याळ लावून मारा आणि वेळ लिहून ठेवा. सोळा मिनिटांची चौदा झाली की त्याला काट्याची साक्ष लागत नाही.

दम लागला की घाबरू नका, पण छातीत दाब, डाव्या हातात कळ, घेरी किंवा थंड घाम आला तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधीच त्यांना विचारा, साखर अचानक खाली जाऊ शकते.

आता खाड्याचे नियम. कालनिर्णयच्या चौकोनात कोपऱ्यात टिक, चुकलं तर फुली. प्रत्येक गोष्टीचं एक ‘किमान’ ठरवून ठेवायचं, इतकं लहान की मेगाब्लॉकच्या रविवारी पाहुणे आले तरी होईल. पाच मिनिटं चालणं किंवा दहा वेळा खुर्चीवरून उठणं. किमान झालं तरी टिक पूर्ण. एक खाडा माफ, दुसऱ्या दिवशी किमान करायचंच. सवय लागायला २१ दिवस पुरतात असं सर्रास ऐकवलं जातं. लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला, आणि अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही. दूधवाल्याला हे आधीपासून माहीत आहे.

लोकांचं काय? ‘डाएटवर आहे’ म्हणालात की समोरच्याला वाद घालायला विषय मिळतो. हळदीकुंकवाला, ऑफिसातल्या वाढदिवसाला ‘अर्धंच द्या’ म्हणा. ‘नको’ला आग्रह होतो, ‘अर्धं’ला होत नाही. ‘काय गं, आजारी होतीस का, किती उतरलीस’ याला ‘नाही, मजेत आहे’ एवढंच उत्तर.

पावसाळ्याचा बेत मे महिन्यातच करा. बूट वाळत नाहीत, फुटपाथ निसरडे, सखल भागात गुडघाभर पाणी. बिल्डिंगचा जिना चढा, लिफ्टने उतरा, कारण गुडघ्यांवर जास्त ताण उतरताना येतो. तीन मजल्यांपासून सुरू करून आठवड्याला एकेक मजला वाढवायचा.

आणि महिन्याचं पान उलटताना फुल्या मोजा. आठांहून जास्त असतील तर किमान आणखी लहान करा. चारांच्या आत असतील तर एकच गोष्ट वाढवा, दोन नाही. नवं पान लावलं की आधी त्यावर सण, लग्न, परीक्षा, गावी जायच्या तारखा बघा आणि त्या चौकोनांत आत्ताच पेन्सिलीने ‘खा’ लिहून टाका. गणपतीच्या दिवशी मोदक खायचेच असतात.