पाच टक्क्यांवरून एका टक्क्यावर : आमची वाटचाल

२०११ च्या दिवाळीत आम्ही अभ्यंगतेलाची पहिली बाटली विकली, तेव्हा तिच्यात शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम सुगंधी तेल, म्हणजे वनस्पतींतून काढलेला वासाचा अर्क, होते. आज आमच्या मालिशच्या कोणत्याही तेलात ते दोन ग्रॅमच्या वर जात नाही आणि बहुतेक तेलांत एकच ग्रॅम असते. मधल्या काळात आम्ही जे शिकलो ते मुख्यतः हे प्रमाण उतरवायला, आणि त्यातला एकही टक्का फुकट उतरला नाही.

धुळ्यात माझ्या सासऱ्यांचा लाकडी घाणा होता. घरोघरी रिफाइंड तेलाचे डबे आले तसे गिऱ्हाईक आटत गेले आणि घाणा शेडमध्ये तसाच पडून राहिला. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन नाशिकला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चार वर्षे काढली होती. लग्नानंतर धुळ्यात आल्यावर त्या घाण्याला मोटर बसवून तिळाचे आणि करडईचे तेल काढायला आम्ही पुन्हा सुरुवात केली. खाण्याचे तेल म्हणून ते महाग पडे, म्हणून लोक भाव विचारून परत जात. पण दिवाळीच्या आधी अंगाला लावायला तेच लोक पावशेर, अर्धा शेर आवर्जून नेत. त्यातूनच सुगंधी तेलाची कल्पना निघाली.

पहिला सुगंध आम्ही निवडला तो रोशाचा, आणि त्याला कारण होते. रोशा गवत, ज्याला आपल्याकडे तिखाडीही म्हणतात, हे खानदेशाचे जुने धन आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या डोंगरउतारांवरच्या गवताचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानकडे जाई आणि तिथे गुलाबाच्या तेलात भेसळ करायला वापरले जाई. या गवताच्या मोतिया आणि सोफिया अशा दोन जाती आहेत. मोतियाचे तेल गुलाबाकडे झुकणारे, जिरॅनिऑल या गुलाबासारख्या वासाच्या घटकाने भरलेले असते. सोफियाचे उग्र असते आणि त्याला बाजारात निम्मीही किंमत येत नाही असे सासरे सांगत. भेसळीच्या कामी ज्याची ख्याती झाली त्या तेलाने आपला धंदा सुरू करावा, याची मला तेव्हा थोडी मौज वाटली होती.

ती मौज फार टिकली नाही. दुसऱ्याच वर्षी एका व्यापाऱ्याकडून घेतलेल्या पाच लिटर रोशा तेलात डायइथाइल थॅलेट हे बिनवासाचे रसायन निघाले, म्हणजे आमच्याच रोशात भेसळ. टिपकागदावर थेंब टाकून तो उडू द्यावा आणि मागे तेलकट डाग राहतो का ते पाहावे, ही जुनी परीक्षा आम्ही केली होती. तिने सरकीचे किंवा एरंडाचे तेल मिसळलेले असेल तर कळते. पण पातळ, बिनवासाचा रासायनिक पदार्थ किंवा कारखान्यात बनवलेले जिरॅनिऑल तिला सापडत नाही. तेव्हापासून प्रत्येक खेपेचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल आम्ही स्वतः काढून घेतो. विकणाऱ्याने दिलेला अहवाल फायलीत जातो, निर्णय त्यावर होत नाही.

गवती चहाच्या तेलाने मात्र आम्हाला घरातच धडा दिला. शंभर किलो ओल्या पातीतून जेमतेम तीनशे ते पाचशे ग्रॅम तेल निघते, त्यात सत्तर-ऐंशी टक्के सिट्रल, म्हणजे लिंबासारखा वास देणारा घटक, असते, वास स्वच्छ आणि भावही परवडणारा. त्यामुळे आम्ही ते सढळ हाताने घातले. पाठीला लावायच्या तेलात ते चार टक्के होते. माझ्या जाऊबाईंनी ते आठवडाभर लावले आणि सातव्या दिवशी त्यांच्या खांद्यांवर लाल पुरळ उठले. त्या बिचाऱ्या तीन दिवस काही बोलल्या नाहीत, कारण धंदा घरचा होता. सिट्रल त्वचेला चेतवते, आणि एकदा त्वचेने त्याची धास्ती घेतली की पुढे थोडेसे लागले तरी ती लाल होते, हे मी पुस्तकात वाचले होते. जाऊबाईंना आज इतक्या वर्षांनीही गवती चहाचा साबण चालत नाही. आता हे तेल आम्ही अर्ध्या टक्क्याच्या वर नेत नाही, लवंगेचेही तसेच. दालचिनीच्या सालीचे तेल आम्ही यादीतूनच काढले आणि लिंबाचे, सालीवरून दाबून काढलेले, उन्हात जाण्याआधी लावायच्या कोणत्याही तेलात घालत नाही, कारण त्यातल्या काही घटकांमुळे ऊन लागताच कातडी भाजल्यासारखी होते. ऊर्ध्वपातनाने काढलेल्या लिंबाच्या तेलाला ही अडचण नाही.

थेंब मोजणेही आम्ही सोडले. 'तीस मिलिलिटरमध्ये सहा थेंब म्हणजे एक टक्का' हे घरी करणाऱ्यांसाठी ठीक आहे, आणि कोणी विचारले तर मीही तेच सांगते. पण वाळ्याचे तेल मधासारखे घट्ट असते, त्याचा थेंब ड्रॉपरच्या तोंडाशी लोंबत राहतो आणि मग एकदम मोठा पडतो. लिंबाचे तेल पाण्यासारखे टपटप सुटते. एकाच ड्रॉपरने दोन्हींचे वीस-वीस थेंब तराजूवर टाकून पाहिले, तेव्हा वजनातला फरक बघून सासऱ्यांनी 'मग आजवर आपण काय मोजत होतो?' एवढेच विचारले. त्याच आठवड्यात शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणला.

सुगंधाचे एवढे सांगितले, पण बाटलीत अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्के असते ते वाहक तेल, आणि माझ्या मते खरी निवड तिथे असते. गिऱ्हाईक झाकण उघडून वास घेते आणि तेवढ्यावर ठरवते, हे आमचे जुने दुखणे आहे. सुरुवातीला करडई आपल्या भागातली, हलकी आणि अंगात चटकन मुरणारी म्हणून आम्ही बहुतेक तेले तिच्यावर बेतली. एका मे महिन्यात, धुळ्याचा पारा त्रेचाळीसच्या पुढे असताना, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या साठ बाटल्या खवट झाल्या. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल पाऊण हिश्श्याच्या आसपास असते आणि हवा, ऊन, उष्णता यांपुढे ते टिकत नाही. सुगंधी तेल घातले की मूळ तेल टिकते असा एक समज आहे, तो साफ चुकीचा आहे. रोशाच्या वासाखालून तो खवटपणा उलट अधिकच विचित्र येत होता. तिळाच्या तेलात सेसमॉलसारखी स्वतःची राखण करणारी द्रव्ये असतात, म्हणून आज आमचे मुख्य तेल तिळाचे आहे. घाण्यातून काढल्यावर ते आठ दिवस निवळू देतो, वरचे तेवढेच कापडातून गाळतो, गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतो आणि बाटलीवर तेल काढल्याची तारीख घालतो.

खोबरेल वापरतो, पण हिवाळ्यात नाही. एका जानेवारीत निफाडला गेलेल्या बाटल्या वाटेतच गोठल्या आणि 'यात मेण घातले आहे का?' असा फोन आला. चोवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतेच, हे स्वयंपाकघरातल्या डब्यात सर्वांना मान्य असते, विकत घेतलेल्या बाटलीत मात्र नसते. चेहऱ्यासाठी राजस्थानातून होहोबा या झुडपाच्या बियांचे तेल मागवतो. ते रासायनिकदृष्ट्या तेल नसून पातळ मेण आहे आणि त्यामुळे सहजी खवट होत नाही. महाग आहे, म्हणून त्याच्या छोट्याच बाटल्या भरतो.

मिश्रण बसवताना वासाचा क्रम पाहावा लागतो. लिंबू, नीलगिरी यांचा वास आधी येतो आणि आधी जातो. रोशा, लॅव्हेंडर मधल्या वेळेला धरून राहतात. वाळा, चंदन शेवटपर्यंत मागे उरतात. आमच्या रात्रीच्या तेलात नव्व्याण्णव ग्रॅम तिळाच्या तेलाला साठ शतांश ग्रॅम रोशा, तीस शतांश लॅव्हेंडर आणि फक्त दहा शतांश वाळा आहे. वाळा वीस शतांश केला तर बाकी दोघे गप्प होतात. लॅव्हेंडर आता जम्मूतल्या भद्रवाहकडचे मिळते, ही आमच्यासाठी मोठी सोय झाली. मिश्रण करून लगेच वास घेऊ नये. आम्ही ते पंधरा दिवस अंधारात ठेवतो आणि मग पाहतो. काही गिऱ्हाइके याला आयुर्वेदिक तेल म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवते. आयुर्वेदातल्या तेलपाकात कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा गोळा) एक भाग, तेल चार भाग आणि द्रव सोळा भाग घेऊन पाणी उडेपर्यंत शिजवतात. आमचे सुगंधी तेल तसे शिजवले तर भांड्यात फक्त तिळाचे तेल उरेल आणि वास शेजाऱ्यांना मिळेल.

पहिल्या पत्रकावर आम्ही 'सांधेदुखी, निद्रानाश, ताणतणाव यांवर रामबाण' असे छापले होते. परवान्याचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनी ते वाचून पत्रक उलटे ठेवले. सौंदर्यप्रसाधन म्हणून परवाना घ्यायचा आणि रोग बरे करण्याचा दावा करायचा हे एकत्र चालत नाही. जादूच्या उपायांच्या जाहिरातींवर तर १९५४ पासून कायदा आहे. आता २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली अन्न व औषध प्रशासनाचा परवाना आहे आणि लेबलवर घटक, वजन, तारखा आणि 'फक्त बाह्य वापरासाठी' एवढेच आहे. रात्री कोमट तेलाने पाय चोळून घेतले आणि वाळ्याचा वास आला की मन सैल होते, हे मी रोज अनुभवते आणि मोकळेपणाने सांगते. त्याने रक्तदाब उतरतो असे लिहा, असा आग्रह एका वितरकाने धरला, तेव्हा ती मोठी मागणी आम्ही सोडली. त्या वर्षी दोन बायकांना कामावरून कमी करावे लागले, हेही लिहिले पाहिजे.

बाळाच्या मालिशसाठी सुगंधी तेल द्या, ही मागणी मात्र अजून थांबलेली नाही. नीलगिरी, कापूर, पुदिना ही तेले लहान मुलांच्या नाकातोंडाशी नेऊ नयेत, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून आजी कितीही प्रेमाने मागत असली तरी आम्ही तिला घाण्याचे साधे तिळाचे किंवा नारळाचे तेल देतो. 'यात वासच नाही की' म्हणून ती बाटली पुन्हा टेबलावर येते. मग सासरे, वय ब्याऐंशी, खुर्चीवरून उठतात, दोन थेंब आजीच्या तळहातावर घालतात आणि तिळाचा वास घ्यायला सांगतात. तीनांपैकी दोन जणी बाटली घेऊन जातात.