तुम्ही विचारलंत म्हणून : आयटीआयनंतर सोलरमध्ये काम आहे का?

"मुलाने वायरमनचा ट्रेड केलाय. सोलरमध्ये जाऊ द्यावं, की सबसिडी थांबली की हा धंदाही बसेल?" हे विचारणारे पालक सगळीकडे भेटतात. थोडक्यात सांगायचं तर काम आहे आणि वाढणारही आहे. मात्र ते पॅनल चढवण्यात कमी आणि चढवलेलं चालू ठेवण्यात जास्त आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. त्यात ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सिस्टिमला ७८,००० रुपये सबसिडी मिळते. त्यामुळे ३ किलोवॅटच्या फिटिंगवर सगळ्यांच्याच उड्या पडल्या आणि मजुरीच्या दरात पाडापाडी सुरू झाली. पॅनलची आयुर्मर्यादा पंचवीस वर्षांची धरतात, पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणाऱ्या इन्व्हर्टरची वॉरंटी त्याच्या निम्मीही नसते. सहाव्या-सातव्या वर्षी त्या छतावर कोण चढणार? दुसरीकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये वीज उपकेंद्रांजवळच्या जमिनी हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्याने घेऊन प्रकल्प उभे राहताहेत. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा प्रकल्प २०२४ मध्येच सुरू झाला. असल्या ठिकाणी दोष काढणारा माणूस तालुक्यातलाच लागतो, पुण्याहून बोलावून परवडत नाही.

आता दोष म्हणजे नेमकं काय, ते बघू. सुरुवात पॅनलच्या केबल एकमेकींना जोडणाऱ्या एमसी-४ कनेक्टरपासून करू, कारण सोलरमधल्या बऱ्याच जळीतांचं मूळ या बोटभर प्लास्टिकमध्ये सापडतं. चार स्क्वेअर एमएमच्या डीसी केबलचं इन्सुलेशन सहा-सात मिलिमीटर सोलायचं, एकही तार तुटू द्यायची नाही, पिन त्यासाठीच्या क्रिम्पिंग टूलनेच तारेवर दाबायची, ओढून बघायची, मग टक् आवाज येईपर्यंत कनेक्टरच्या घरात ढकलायची आणि मागचा नट पान्याने आवळायचा. घाईत हेच काम पकडीने उरकतात. पिन वरवर घट्ट दिसते, पण सांध्यात ०.१ ओहम अडथळा राहिला तरी १३ अँपिअरला तिथे जवळजवळ १७ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे बंद प्लास्टिकच्या आत छोटी सोल्डरिंग आयर्न दिवसभर चालू ठेवल्यासारखंच. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी कनेक्टर एकमेकांत बसतात म्हणून जोडले, तरी पुढे हेच होतं.

आणि चालू सिस्टिममध्ये हा कनेक्टर कधीही ओढायचा नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिथली ठिणगी विझते. डीसीला शून्य नाही, ज्वाळ लांबत जाते. आधी इन्व्हर्टरची एसी बाजू बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडणारा स्विच), मग तारेभोवती लावून डीसी करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवर शून्य दिसल्याची खात्री, त्यानंतरच हात. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो. तो डीसी तारेवर कायम शून्यच दाखवेल, आणि त्या शून्यावर विश्वास ठेवणं जिवावर बेतू शकतं.

पावसाळ्यातली ठरलेली तक्रार म्हणजे सकाळी इन्व्हर्टर 'आयसोलेशन फॉल्ट' (म्हणजे वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय) दाखवतो आणि अकरा वाजता आपोआप सुरू होतो. कुठेतरी स्ट्रक्चरच्या धारेवर केबल घासलेली असते किंवा कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं असतं. ऊन चढलं की जागा सुकते, म्हणून दुपारी गेलेल्या माणसाला काहीच सापडत नाही आणि तो चांगला इन्व्हर्टर बदलायला सांगतो! जायचं सकाळी ओल असतानाच. स्ट्रिंग, म्हणजे एकापुढे एक जोडलेली पॅनलची माळ, इन्व्हर्टरपासून सोडवा, रबरी हातमोजे घाला, १००० व्होल्ट डीसी सोसणारा मीटर घ्या. समजा दहा पॅनलची स्ट्रिंग आहे, प्लस-मायनसमध्ये ५०० व्होल्ट येतात, म्हणजे पॅनलमागे ५०. आता प्लस ते अर्थ मोजा, मग मायनस ते अर्थ. दोष नसेल तर दोन्ही आकडे हळूहळू उतरत जातात. पण प्लसकडून २०० आणि मायनसकडून ३०० वर काटा स्थिर राहिला, तर प्लसकडून चौथ्या आणि पाचव्या पॅनलच्या मधली केबल उचलून बघा. छतभर शोधत फिरायची गरज उरत नाही. दुरुस्तीनंतर स्ट्रिंग-अर्थमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा अडथळा मोजणारं यंत्र) मारा, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून वाचवणारा भाग) बाजूला काढून. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली असेल तर काम संपलेलं नाही.

दुसरी तक्रार ऐन बाराची : "ऊन कडक, तरी सिस्टिम बंद पडते." इथे पॅनल निर्दोष असतात. ग्रिडकडे, म्हणजे महावितरणच्या लाइनकडे, वीज ढकलायची तर इन्व्हर्टरला आपलं व्होल्टेज ग्रिडपेक्षा वर ठेवावं लागतं, आणि केबल बारीक असेल तितकं ते जास्त वर जातं. सिंगल फेज ५ किलोवॅटला साधारण २२ अँपिअर धरा, मीटरपासून इन्व्हर्टर ३० मीटरवर. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या केबलमध्ये साडेनऊ व्होल्ट जातात, सहा स्क्वेअरमध्ये चार. मीटरवर २४८ व्होल्ट असतील तर पहिल्या केबलवर इन्व्हर्टर २५७ ला पोचतो आणि २५३ ची मर्यादा असेल तर ट्रिप होतो. दुसऱ्या केबलवर २५२ ला निभावतो. मीटरवरच २५५ दिसत असतील तर केबल बदलून उपयोग नाही, डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप उतरवून व्होल्टेज कमी करण्यासाठी महावितरणला अर्ज करावा लागेल. काही जण इन्व्हर्टरमधली मर्यादाच वाढवून मोकळे होतात. तसं केलं की फ्रिज आणि पंपाच्या मोटारी ते वाढीव व्होल्टेज खातात.

अर्थिंगचं फार लांबवत नाही. लाइटनिंग अरेस्टरचा (पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा) खड्डा वेगळा हवा, आणि खड्ड्याच्या अडथळ्याचं रीडिंग मे महिन्यात घ्यावं. आपल्याकडच्या मुरूम-खडकात पावसाळ्यात ५ ओहमच्या आत आलेला खड्डा उन्हाळ्यात कुठल्या कुठे जातो.

बॅटरी साठवणुकीची कामंही आता येऊ लागलीत, पण तिथे डीसीची शिस्त याहून कडक लागते. आधी हे हाताखाली यावं. मुलाला पहिल्या पगारातून घ्यायला लावायचं ते असं : डीसी क्लॅम्प मीटर, चांगलं क्रिम्पिंग टूल, मेगर. मेगर महाग वाटला तर दोघांत एक घ्या. वायरमनचं परमिट नूतनीकरणाशिवाय पडलं असेल तर ते आधी चालू करून घ्या. पुढे सुपरवायझर आणि मग कॉन्ट्रॅक्टर लायसन्स. आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याने एवढं विचारावंच : "कमिशनिंगला, म्हणजे सिस्टिम पहिल्यांदा चालू करताना, मेगरची रीडिंग कागदावर घेता का?" उत्तर 'नाही' आलं, तर तिथे त्याला पॅनल वाहून नेण्यापलीकडे फारसं काही शिकायला मिळणार नाही.