पप्पांचं 'बरं'

आज सांगून टाकलं. मेसमधली शेवटची पोरं हात धुऊन गेली होती, मी ताटं विसळत होते, पप्पा कणकेची परात खरवडत होते. म्हटलं, अकरावीच्या फॉर्मचा भाग दोन भरायचाय, शाखा कला टाकणारे. त्यांचा हात थांबला नाही. म्हणाले, "बरं."

एवढंच. मग उद्याच्या बटाट्यांचं काहीतरी बोलले आणि बाहेर गेले.

मी भांडणाच्या तयारीने गेले होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम.ए. करायचंय म्हटलं, की ते विचारणार, "त्याला कुठलीही पदवी चालते ना? मग सायन्स करून जा की." त्याचं उत्तर पाठ होतं. सायन्स घेतलं तर या लातुरात मला 'नीट'च्या ७२० मार्कांतून दोन वर्षं कुणी बाहेर पडू देणार नाही. त्यांनी विचारलंच नाही. उत्तर घशातच राहिलं.

रागावले असते तर बरं झालं असतं. आजी हरली की 'बरं' म्हणते. उधारी बुडाली की पप्पा 'बरं' म्हणतात. त्यातलं हे कुठलं? ट्यूशन एरियातल्या दुसऱ्यांच्या पोरांना इतकी वर्षं जेवू घातलं, दरवर्षी कुणाचे तरी एमबीबीएसचे पेढे देवापुढे ठेवले. एकदा आपल्या घरचे... जाऊ दे. मला त्याबद्दल आज लिहवत नाही.

पण तेरला मला त्यांनीच नेलं होतं! गोरोबाकाकांचं दर्शन झालं, ऊन फार होतं म्हणून लामतुरे संग्रहालयात शिरलो. मातीच्या त्या मूर्ती, ते मणी. मी हलेना, आणि पप्पा तासभर काही न बोलता माझ्यामागे उभे. त्यांना तेव्हाच कळलं असेल का?

गेल्या वर्षी त्यांना इनामगावचं वाचून दाखवलं होतं. घोड नदीकाठी ३,००० वर्षांपूर्वीची वस्ती, आणि गेलेली तान्ही लेकरं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवलेली, घराच्याच जमिनीखाली पुरलेली. पप्पा कांदा चिरत होते. म्हणाले, "नजरेआड करवलं नसेल." इतकं सोपं आणि इतकं खरं मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. असा माणूस मला नुसतं 'बरं' म्हणतो.

आत्ता पाणी प्यायला उठले तर ते अंधारात ओट्यापाशी बसलेले.

"दहा कॉलेजं टाकता येतात म्हणे."

"हो."

"लातूरची किती टाकलीस?"

एकही टाकलं नव्हतं. सगळी पुण्याची काढून ठेवली होती. मी गप्प.

"पाच टाक," म्हणाले, आणि माझ्या हातातला रिकामा तांब्या घेऊन माठातून भरून दिला.

साडेबारा वाजलेत. तीन सापडलीत, आणखी दोन बघते आहे.