पाठीला दार: सेमी-हॉलो गिटारचं काम कुठवर आलं

गिटारच्या एफ-होलमधून (वरच्या फळीवरच्या f-आकाराच्या खाचेतून) एकदा जरी पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) बाहेर ओढला असेल, तर पुढचं सगळं तुम्हाला लगेच कळेल.

माझी गिटार गिब्सनच्या थ्री-थर्टी-फाइव्हच्या (ईएस-335) घाटाची, म्हणजे सेमी-हॉलो: बाजू पोकळ, मधोमध लाकडाचा ठोकळा; लॅमिनेटेड मेपलची, जुनी घेतलेली. बडोद्याच्या गेल्या पावसाळ्यात नेक पिकअपचा (तारांचं कंपन टिपणारा, मानेजवळचा) व्हॉल्यूम फिरवला की करकर करू लागली. तेव्हा रीतसर पद्धतीनं गेलो. पॉटचा नट काढायचा, त्याच्या दांडीवर फिशटँकच्या हवेची नळी बसवायची (गरम पाण्यात बुडवली की घट्ट बसते) आणि पॉट आत ढकलून एफ-होलमधून बाहेर घ्यायचा. नळीचं दुसरं टोक वरच्या भोकात तसंच राहतं, नवा पॉट त्यालाच लावून परत ओढायचा. केबल लागते त्या जॅकसाठी नळीऐवजी गिटारची जुनी पहिली तार. तीन संध्याकाळी गेल्या. आठ दिवसांत ग्राउंड वायरचा सोल्डरचा एक डाग सुटला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्रीच ठरवलं, पाठीला दार करायचं.

हा त्रास मुळात मधल्या ठोकळ्यामुळे आहे. 1949 च्या ईएस-175 सारख्या पूर्ण पोकळ गिटारमध्ये पिकअप काढला की त्याच भोकातून पॉटपर्यंत जाता येतं. 1958 मध्ये ईएस-335 आली ती फीडबॅक (ॲम्पच्या आवाजानं गिटार आपोआप घुमू लागणं) आवरण्यासाठी मधोमध ठोकळा घेऊन, आणि ती वाट बंद झाली. पुढच्याच वर्षी ईएस-345 मध्ये व्हॅरिटोन (आवाजाचा पोत बदलणारा स्विच) आणि स्टिरिओचा पसारा आत घालायचा होता, तेव्हा ब्रिज पिकअपखाली तोच ठोकळा कोरावा लागला. ग्रेच कंपनीच्या साठच्या दशकातल्या कंट्री जंटलमन गिटारला तर मागे भोकच असे, वरून गादी लावून झाकलेलं. म्हणून दार करणं मला पाप वाटत नाही.

आवाज बिघडेल का? सेमी-हॉलोत ब्रिज (तारा टेकतात तो) आणि टेलपीस (तारा अडकतात तो) ठोकळ्यावर उभे असतात. खालच्या पंखाच्या (ठोकळ्याच्या बाजूच्या पोकळ भागाच्या) पाठीत हाताएवढी खिडकी केल्यानं ॲम्पमधून येणाऱ्या आवाजात माझ्या कानाला काही फरक पडणार नाही, असं मी धरून चाललो. पूर्ण पोकळ, कोरीव आर्चटॉपला (फुगीर फळीच्या गिटारला) मात्र मी करवत लावणार नाही. तिथे पाठ हाही आवाजाचाच भाग आहे.

आखणीला दोन रविवार लागले. पुढच्या बाजूच्या चार पॉटच्या जागा ट्रेसिंग पेपरवर घेतल्या, मग तो पाठीवर ठेवला. पेन्सिल टेकवणार तेवढ्यात लक्षात आलं की कागद उलटायला हवा होता! तसाच कापला असता तर खिडकी दुसऱ्या पंखात गेली असती. आता आधी एफ-होलमधून टॉर्च आणि छोटा आरसा घालून ठोकळ्याची कड पाहतो, बाहेरून टकटक करून आवाज कुठे बदलतो ते ऐकतो, आणि मगच रेघ मारतो.

दांडिया बाजारातल्या ओळखीच्या सुतारकाकांना दाखवायला नेली.

"काका, इथे खिडकी करायचीय."

"चालू वाद्य आहे ना रे? कशाला उगाच?"

कारण सांगितलं तेव्हा त्यांनी नखानं प्लाय चाचपली. म्हणाले, "कर. पण कोपरे गोल ठेव. काटकोनातूनच प्लाय उकलते."

करवत आजोबांची वापरली. ते कलाभवनात शिकले होते, सयाजीरावांनी 1890 मध्ये काढलेल्या. बारीक दाते, चिकटपट्टीवरून कापायचं, घाई नाही. आतून चार पट्ट्या चिकटवल्या, त्यांच्यावर झाकण टेकतं. झाकण तीन मिलिमीटर प्लायचं, सहा स्क्रू.

आत मोठे, 24 मिलिमीटरचे पॉट घातले, 500 किलोओहमचे, लॉग प्रकारचे. त्यांची चूडी (भोकात बसणारा आट्यांचा भाग) 9.5 मिलिमीटरची आणि माझ्या गिटारची भोकं 8 ची, म्हणून रीमर (भोक रुंदावायचं हत्यार) हातानंच हळूहळू फिरवला. ड्रिल लावू नका, वरचं लॅकर उडतं. टोनला 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जाळीवाली शिल्डेड वायर, टेलपीसची ग्राउंड वायर वेगळी. बंद करण्याआधी जॅकवर मल्टिमीटर लावून दोन्ही पिकअप तपासले: 7.6 आणि 8.1 किलोओहम.

काल मुद्दाम एक पॉट काढून परत लावला. अकरा मिनिटं, सोल्डरिंग आयर्न तापण्याचा वेळ धरून.

एक दुखणं उरलंय. पाचव्या तारेवर सी वाजवला की झाकण झणझणतं. स्क्रू आवळून गेलं नाही. खणात हार्मोनियमच्या भात्याचा नमदा पडलाय, त्याची पट्टी कापून कडेला लावून बघतो.